पाठीचा इसार

मागच्या वर्षी कोजागिरीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यात माझ्या कमरेच्या ऑपरेशनचा आकडा सांगितला गेला: एक लाख ऐंशी हजार रुपये. हजर होते डॉक्टर, माझी बायको वंदना आणि मी. भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर माझ्या मणक्याचे फोटो लावले होते. डॉक्टर फोटोकडे पाहून बोलत होते, वंदना डॉक्टरांकडे पाहत होती आणि मला बसता येत नसल्यामुळे मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो.

मी मिस्त्री आहे. शेलूबाजारच्या भोवताली, इकडे आसेगाव, तिकडे इंझोरीपर्यंत, पंचवीस-सव्वीस वर्षांपासून घरे बांधतो. लोकांना वाटते मिस्त्रीचे काम म्हणजे विटेवर वीट. ते अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे आकडा सांगणे. आमच्याकडचे गिऱ्हाईक नकाशा घेऊन येत नाही. ते मोकळ्या जागेत उभे राहते, दोन्ही हात पसरते आणि म्हणते, "इथून थेथवर दोन खोल्या, मंधात दरवाजा. सांगा मिस्त्री, कितीक लागन?" त्या पसरलेल्या हातांवरून विटा, रेती, गिट्टी, सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचा हिशोब तिथल्या तिथे सांगावा लागतो. जास्त सांगितला तर काम दुसऱ्याकडे जाते, कमी सांगितला तर आपल्या खिशातून जाते. म्हणून आकडा सांगताना मी एक वाक्य नेहमी जोडतो, "काळी माती खोल निघाली तर पाया वेगळा." आमच्या भागात काळी माती कुठे चार फूट असते, कुठे दहा फूट. खणल्याशिवाय कळत नाही.

डॉक्टरांनी आकडा सांगितल्यावर मी गिऱ्हाइकासारखा प्रश्न विचारला, "यात काय काय येते आणि काय येत नाही?"

ते म्हणाले, "ऑपरेशन, भूल, चार दिवसांची खोली, औषधं, सगळं आलं. स्क्रू टाकायची गरज पडली तर ते वेगळे. बहुतेक पडणार नाही."

माझी काळी माती माझ्याच पुढ्यात आली. हसू येत होते, पण हसले की डाव्या पायात करंट जाई, म्हणून हसलो नाही.

पाठ कशी गेली, हे सगळे विचारतात. स्लॅबवरून पडलो, गोणी उचलताना गेली, असे काही सांगता आले असते तर बरे वाटले असते. पोळ्याच्या आधी एका न्हाणीघरात उकिडवा बसून फरशी लावत होतो. बाजूला पडलेला फरशीचा तुकडा घ्यायला हात लांबवला. तो तुकडा पावशेरसुद्धा नसेल. कमरेत काहीतरी सरकल्यासारखे झाले आणि मला उठता येईना. आयुष्यभर पन्नास किलोच्या गोण्या उचलल्या तेव्हा ही पाठ बोलली नाही, आणि पावशेराला बोलली. तेव्हापासून कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत उघड्या तारेला लागल्यासारखे होई. फोटोत दिसले ते असे की मणक्यांमधली एक गादी बाहेर सरकली आहे आणि पायाच्या नसेला दाबते आहे.

डॉक्टर त्या दिवशी बराच वेळ बोलले. त्यातले मी किती ऐकले ते आज सांगता येत नाही. "नस", "दाब", "लवकर आराम" हे शब्द आठवतात. शेवटचे वाक्य मात्र नीट आठवते, कारण त्यात आकडा होता. "तुम्ही ठरवा. तारीख पाहिजे असेल तर खाली काउंटरला पंधरा हजार भरा."

मी खाली गेलो आणि पंधरा हजार भरले. पुढच्या मंगळवारच्या पुढचा मंगळवार मिळाला.

इतकी घाई का केली, ते सांगायला हवे. त्याचे कारण सुमनबाई. शेलूबाजारच्या या बाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी दोन खोल्या आणि वर स्लॅब बांधायचे काढले. त्यांनी मला उन्हाळ्यात दहा हजार इसार दिला होता आणि मी त्यांना पौषात स्लॅब टाकून देतो असा शब्द दिला होता. पाया झाला, भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि माझी पाठ गेली. बाईंनी जुने टिनाचे घर माझ्या सांगण्यावरून मोडले होते. त्या आता भाड्याच्या एका खोलीत राहत होत्या आणि रोज सकाळी येऊन अर्ध्या भिंतींवर पाणी मारत होत्या. माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता: ऑपरेशन आत्ता झाले तर पौषापर्यंत उभा होईन.

आता इसार म्हणजे काय, ते नोकरीतल्या वाचकांसाठी सांगतो. काम ठरले की गिऱ्हाईक मिस्त्रीच्या हातावर थोडे पैसे ठेवते. कागद नसतो. चहा होतो आणि एक तिसरा माणूस पाहायला असतो. देणारा फिरला तर इसार बुडाला. घेणारा फिरला तर दुप्पट परत. इंझोरीच्या एका शेतकऱ्याने मला पाच हजार देऊन महिनाभराने दुसरा स्वस्त मिस्त्री पाहिला. तो मला बाजारात भेटला की आपणच मान खाली घालून जाई. पाच हजार त्याने कधी मागितले नाहीत आणि मी कधी दिले नाहीत. उलट, आसेगावला एकदा माझे दोन स्लॅब एकाच आठवड्यात आले. ओल्या स्लॅबला खालून आधार द्यायला ठोकतात त्या सेंट्रिंगच्या प्लेटा एकाच कामापुरत्या होत्या. एकाला नाही म्हणावे लागले आणि तीन हजारांचे सहा हजार मोजून दिले. घरी येऊन वंदनेची बोलणी खाल्ली ती वेगळी.

इसारात आणखी एक गोष्ट असते, ती कोणी बोलून दाखवत नाही. जे काम करू नये असे मिस्त्रीला वाटते, त्याचा इसार तो घेत नाही. मंगरुळपीरचे एक निवृत्त मास्तर जुन्या घरावर मजला चढवा म्हणून मागे लागले होते. पाया दगडाचा, मातीत बांधलेला. मी खाली वाकून बोट घातले तर माती बोटाबरोबर आली. मास्तरांनी नोटा पुढे केल्या. मी हात मागे बांधून उभा राहिलो. मी "मजला चढणार नाही" असे एकदाही म्हटले नाही. मास्तरांनी नोटा खिशात घातल्या आणि म्हणाले, "समजलं." आमच्यात इतके पुरते. पैसे घेतले म्हणजे मिस्त्रीने काम पाहिले, तपासले आणि ते करण्यासारखे आहे असे सांगितले.

म्हणून त्या काउंटरवर पंधरा हजार घेतले गेले तेव्हा माझ्या मनाने नोंद केली की डॉक्टरांनी निकाल दिला.

पण पाय काही मानत नव्हता. तारखेची वाट पाहताना मधल्या दिवसांत तो एक दिवस जास्त दुखे, दोन दिवस कमी. आणि सल्ला देणारे लोक रोज वाढत होते. अकोल्याहून परत येतानाच जीपवाल्याने सुरुवात केली होती. "मिस्त्री, पुढच्या शिटावर बसा, मांगं लय आदयते. आन् आपरेशन करून राह्यले काय? नोका करू बाप्पा. माह्या काकाचं केलं, थो अजून काठीवर हाय." मागच्या सीटवरून एक जण म्हणाला, "अन् माह्या साळ्यानं नाई केलं, थो खाटेवर हाय. मंग?" जीपवाला म्हणाला, "मंग काय! काठी पाह्यजे का खाट, थे मिस्त्रीनं पाहावं."

मला आकड्यांशिवाय करमत नाही. मी ठरवले, ऐकीव नको, स्वतः विचारू. ओळखीपाळखीत ऑपरेशन झालेली पाच माणसे सापडली. तिघे म्हणाले फार चांगले झाले. एक म्हणाला पाय बरा, पण कंबर आधीसारखीच. एक जण काठीवर. मग हेच दुखणे होऊन ऑपरेशन न केलेले शोधले. तेही पाच निघाले. तिघे बरे, एक अधूनमधून आडवा होतो, एक खाटेवर. मी दोन्ही बाजू मांडून बराच वेळ पाहत बसलो. विटांचा ट्रक मोजायचा असता तर चूक शोधता आली असती. इथे चूक कुठे आहे तेच कळेना. रविवारी बुद्ध विहारात प्रार्थना झाल्यावर हा हिशोब सांगितला, तर एक म्हातारे बाबा म्हणाले, "बाबू, त्या धाइच्या धाइ लोकायची पाठ तुही हाय काय?"

सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचेही तसेच. खासगी दवाखान्यात सांगितले, आमच्याकडे हे योजनेत होत नाही. गावात जो तो म्हणे, आता सगळ्यांना योजना आहे. एक म्हणे केशरी रेशनकार्ड पाहिजे, दुसरा म्हणे कार्ड लागतच नाही.

शेवटी वंदना म्हणाली, "तुमी सारं गाव इचारलं. आता एक डाक्टर इचारा." ती मला सरकारी मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथे सकाळपासून रांग होती. मला बसता येत नव्हते आणि उभे राहवत नव्हते, म्हणून मी भिंतीला टेकून तिथला गिलावा पाहत राहिलो. नंबर आला तेव्हा आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी फोटो नंतर पाहिले. आधी मला टाचांवर चालायला लावले, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर करायला सांगून स्वतःच्या बोटाने खाली दाबला. लघवी-संडासावर ताबा आहे का, बसायच्या जागी बधिरपणा येतो का, हे अगदी सरळ विचारले. वंदनेसमोर मला अवघडल्यासारखे झाले, पण उत्तरे दिली. मग पाय सरळ वर उचलून पाहिला.

त्या म्हणाल्या, "ताकद चांगली आहे. पहिल्यापेक्षा आता कमी दुखतंय ना?"

"दोन दिवस कमी, एक दिवस जास्त."

"मग थांबून पाहता येईल. व्यायाम शिकवते, गोळ्या देते. यातले पुष्कळ लोक थांबून बरे होतात. सगळे नाही. पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा तिथे बधिर वाटायला लागलं तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं."

"किती दिवस थांबायचे?"

"महिना-दीड महिना तरी. नंतर परत पाहू. ओझं उचलायचं नाही."

"म्हणजे ऑपरेशन करू नये?"

"तसं नाही म्हणाले मी. करता येतं. चुकीचं नाही. थांबणंही चुकीचं नाही."

मी त्यांना म्हटले, "मॅडम, पण मी तिकडे इसार देऊन बसलो आहे."

"काय दिलंय?"

वंदनेने माझी बाही ओढली. बाहेरून दुसऱ्या पेशंटने दार ढकलले होते.

दोन शिकलेली माणसे. एकाने माझ्या समजुतीप्रमाणे "करा" म्हटले, दुसरीने "थांबा, पण करणेही चुकीचे नाही" म्हटले. दोन मिस्त्रींनी एका भिंतीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या तर मी ओळंबा लावतो. दोरीला वजन बांधून सोडले की भिंत सरळ की वाकडी ते दोरी सांगते. इथे दोरी कुठे सोडायची?

घरी आल्यावर वंदनेने तिच्यापुरते ठरवून टाकले. "थांबा म्हन्लं नं तिनं? मंग थांबा. अकोल्याले फोन करून सांगा, नाई येत म्हनून."

"असे कसे सांगू? इसार दिला आहे."

"बुडाला तर बुडाला. पंधरा हजारासाठी पाठ फाडता काय?"

"पैशांचे नाही. त्या माणसाने मंगळवार माझ्यासाठी मोकळा ठेवला आहे. दुसऱ्या पेशंटला नाही म्हटले असेल."

"काय बाप्पा! डाक्टर काय तुमच्यासाठी प्लेटा ठोकून बसला काय?"

तिला हसू आले आणि मला राग. मग ती गंभीर झाली. "खरं सांगा. शब्दासाठी जाऊन राह्यले, का सुमनबाईच्या स्लॅबसाठी, का पायासाठी?"

तिन्ही कारणे एकमेकांत अशी कालवली गेली होती की रेती कोणती आणि सिमेंट कोणते ते वेगळे काढता येत नव्हते. एक मात्र दिसत होते. थांबलो तर पौषातला स्लॅब गेला. मी उभ्याने हुकूम सोडणारा ठेकेदार नाही. प्लेटांची लेव्हल मी स्वतः ओणवा होऊन पाहतो, लोखंडाच्या गाठी स्वतः तपासतो. माझा जोडीदार पुण्याला कामाला निघून गेला होता. दुसऱ्याच्या भरवशावर मी माझ्या नावाचा स्लॅब टाकला नसता.

मंगळवारी मी गेलो. उपाशीपोटी, पिशवीत कपडे, आणि वंदनेच्या पर्समध्ये मोडलेल्या एफडीचे एक लाख पासष्ट हजार. जीपवाल्याने पुढची सीट दिली, पण यावेळी सल्ला दिला नाही. तेव्हा मला जास्त भीती वाटली.

दवाखान्यात खोली मिळाली. मागून बंद बांधायचा हिरवा अंगरखा घालायला दिला. रक्त घेतले. सलाईन लावायला सिस्टर आली आणि तिने सहीसाठी संमतीचा कागद पुढे केला. मी आकडा आणि कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. कागद मराठीत होता. त्यात लिहिले होते की ऑपरेशन न करता उपचार करण्याचा पर्यायही मला समजावून सांगितला आहे आणि मी विचार करून, स्वतःच्या इच्छेने ऑपरेशन निवडले आहे.

मी सिस्टरला म्हटले, "यातले अर्धे खरे नाही. सही कशी करू?"

"काका, सगळेच करतात."

"सगळ्यांनी निवडले असेल. मी नाही निवडले. डॉक्टरांनी निवडले."

तिने डॉक्टरांना बोलावले. ते आले, खुर्ची ओढून बसले. घाईत असतील, पण तसे दाखवले नाही. काय बोलावे ते मी ठरवले नव्हते. तोंडातून निघाले ते असे:

"डॉक्टर, मी नाही म्हटले तर तुमचे नुकसान किती होईल?"

"कसलं नुकसान?"

"आजचा दिवस तुम्ही माझ्यासाठी धरून ठेवला. मी इसार दिला आहे. तो तुमचाच, मी मागत नाही. पण वरून काही द्यावे लागत असेल तर सांगा."

डॉक्टरांनी वंदनेकडे पाहिले. ती म्हणाली, "ॲडव्हान्सले इसार म्हन्तात थे, सर."

"तुम्हाला ऑपरेशन नको आहे का?"

"मला काय कळते हवे का नको? तुम्ही पैसे घेतले तेव्हाच सांगितले ना, की करावे लागते."

त्यांनी माझी फाईल उघडून पाहिली. मग म्हणाले, "मी असं कधी सांगितलं? मी त्या दिवशी दोन्ही मार्ग सांगितले होते. थांबून पाहता येईल, किंवा दुखणं सहन होत नसेल तर ऑपरेशन. तुम्ही खाली जाऊन पैसे भरले, मला वाटलं तुमचं ठरलं."

"आणि तुम्ही पैसे घेतले, मला वाटले तुमचे ठरले."

सिस्टर सुई हातात धरून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. वंदना म्हणाली, "सांगतलं होतं सरनं. मीनं आयकलं होतं. पन तुमी खाली गेले, मले वाटलं तुमाले लय दुखून राह्यलं असन."

म्हणजे माझी पाठ उघडायची हे डॉक्टर, वंदना आणि मी, या तिघांपैकी कोणीच ठरवलेले नव्हते. तरी मी अंगरखा घालून पलंगावर होतो.

डॉक्टरांनी मला पुन्हा तपासले. त्यांनीही टाचांवर चालवले, अंगठा दाबला, पाय उचलला. मागच्या वेळेपेक्षा पाय जास्त वर गेला. ते म्हणाले, "ताकद आहे. आज नाही केलं तरी धोका वाटत नाही. केलं तर पायाचं दुखणं लवकर थांबण्याची शक्यता जास्त. थांबलात तर वेळ लागेल. वर्षभरानंतर ऑपरेशन केलेला आणि थांबलेला, दोघांची तब्येत बरेचदा सारखीच असते. कंबर कधीकधी दोन्ही मार्गांनी दुखत राहते. आता खरंच तुम्ही ठरवा."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

त्यांनी विचार केला. "नाही सांगता येणार. मला पोटासाठी सिमेंटची गोणी उचलावी लागत नाही."

"ऑपरेशन केले तर पौषात स्लॅबवर चढता येईल?"

"पौषात? चढाल कदाचित. पण वाकून, ओझं घेऊन दिवसभर काम? मी तशी हमी देणार नाही."

हा प्रश्न मी पंधरा हजार भरण्याआधी विचारायला हवा होता. बाकी सगळे विचारले होते, स्क्रूसकट. ज्या कारणासाठी घाई केली, तेच विचारले नव्हते.

मी वंदनेकडे पाहिले. ती म्हणाली, "माह्याकडं नोका पाहू. मी बोललो तर जलमभर आयकवान."

मी म्हटले, "आज नको."

हे धाडसाने म्हटले की भीतीने, ते आजही माहीत नाही. अंगरखा काढताना पायात करंट चालूच होता. बरे वाटलेले नव्हते, सुटल्यासारखेही वाटले नाही.

खाली काउंटरवर एक मुलगी होती. तिने संगणकात पाहिले आणि म्हणाली, "खोली, तपासण्या आणि फाईल मिळून तीन हजार दोनशे कट होतील. बाकी अकरा हजार आठशे तुमच्या खात्यात येतील."

मी म्हटले, "मी फिरलो आहे. ते पैसे तुमचे."

"नाही काका, परत मिळतात."

"ठेवून घ्या."

"ठेवून घ्यायचा ऑप्शनच नाहीये यात."

वंदनेने माझा हात धरला आणि खाते क्रमांक स्वतः सांगितला. चार दिवसांनी पैसे आले. ते पैसे खात्यात पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला ते कोणाचे तरी राहिलेले देणे वाटत होते.

आता सुमनबाईंकडे जायचे होते. ते मी आठवडाभर टाळले. व्यायाम करायचो, गोळ्या घ्यायचो, विहारापर्यंत चालून यायचो. शेवटी एका सकाळी जीपने शेलूबाजारला गेलो. बाई अर्ध्या भिंतीवर पाणी मारत होत्या. भिंत ओलीगच्च होती, काम चांगले होते, माझ्या हातचे होते. मी उभ्या-उभ्या सांगितले की पौषात स्लॅब होणार नाही, कधी होईल तेही सांगता येत नाही, तुम्ही दुसरा मिस्त्री पाहा. आणि वीस हजार पुढे केले.

त्यांनी पाण्याचा पाइप खाली टाकला. "हे काय? मी तं धा देल्ते."

"मी फिरलो. दुप्पट."

"तुमी कुठी फिरले? तुमची पाठ फिरली."

"पाठ माझीच आहे."

मला वाटले होते त्या परत करतील. खरे सांगायचे तर तशी आशा होती, आणि मी थोडा आग्रह करून मग घेईन असे मनात जुळवूनही ठेवले होते. बाईंनी साडीला हात पुसले, नोटा घेतल्या आणि तिथेच मोजल्या. मग म्हणाल्या, "मिस्त्री, राग नोका मानू. दुसरा मिस्त्री अर्ध्यातून उचललेल्या कामाचे जास्त घेते, थे तुमालेबी माईत हाय. अन् खोलीचं भाडं चालूच हाय माह्यं. मी ठेवतो."

"ठेवा. म्हणूनच दुप्पट असते."

"पाय कसा हाय?"

"दोन दिवस कमी, एक दिवस जास्त."

"आपरेशन कायले नाई केलं?"

मी त्यांना सगळे सांगायला लागलो: दोन डॉक्टर, दोन मार्ग, दहा माणसांचा हिशोब. त्यांनी अर्ध्यातच थांबवले. "म्हंजे तुमालेच नाई माईत."

"नाही माहीत."

"बरं," म्हणाल्या आणि पाइप उचलला. दुसऱ्या मिस्त्रीला भिंत अजून किती चढवून प्लेटांची लेव्हल धरायची ते मी खडूने भिंतीवर लिहून दिले. ते वाकायचे काम नव्हते.

आता वर्ष होत आले. पाय पुष्कळ बरा आहे. थंडीत सकाळी अंगठा बधिर वाटतो, तेव्हा टाचांवर चालून पाहतो. गोणी उचलत नाही, फरशी लावत नाही. छोटी कामे घेतो आणि वाकायचे काम दुसऱ्याला देतो. ऑपरेशन केले असते तर आज मोठ्या स्लॅबवर असतो, की काठीवर असतो, हे विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. लोक आता मलाच सल्ला विचारायला येतात आणि माझे नाव "न केलेल्या, बऱ्या झालेल्या" लोकांत धरतात. मी त्यांना सांगतो की मला धरू नका, आधी डॉक्टरला तुमच्या मनातला खरा प्रश्न विचारा, आणि पैसे त्यानंतर भरा. ते मान हलवतात आणि विचारतात, "पन तुमाले किती लागले?"

तर एक लाख ऐंशी हजार कोणालाच दिले नाहीत. खासगी दवाखान्याला तीन हजार दोनशे. सरकारी दवाखान्यात केसपेपरचे किरकोळ. आणि शेलूबाजारच्या सुमनबाईंना त्यांचे दहा हजार आणि माझे दहा हजार, असे वीस हजार, रोख, त्यांच्या हातात.